चाल तुमची, बाकीचं बघते मी

मागच्या महिन्यात एका लग्नात शेजारी बसलेल्या काकूंनी विचारलं की तू नेमकं करतेस काय, मी म्हणलं म्युझिक अरेंज करते, तर त्या म्हणाल्या म्हणजे संगीतकार का, मी म्हणलं नाही चाल दुसऱ्याची असते, मग म्हणे शब्द तुझे असतील, म्हणलं शब्दही दुसऱ्याचे, मग म्हणे गातेस होय, म्हणलं नाही हो गाणारा पण वेगळाच असतो. त्यावर त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग उरलं काय गं बाई?" तेव्हा पंगत बसली आणि उत्तर द्यायचं राहून गेलं, पण प्रश्न डोक्यात राहिला, म्हणून आज निवांत लिहायला बसलीय.

उरतं ते असं. एखाद्या माणसानं कविता केलेली असते, बऱ्याचदा त्यानंच ती गुणगुणत चाल लावलेली असते, आणि मग ती फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवलेली असते. त्यात पंखा असतो, कुकरच्या शिट्ट्या असतात, मागं कुणीतरी "अहो दूध आलंय" म्हणत असतं. त्या दोन-तीन मिनिटांच्या आवाजाचं गाणं करायचं. कुठल्या पट्टीत गायचं, ठेका कुठला, सुरुवातीला काय वाजणार आणि किती मात्रा, मुखड्यानंतर म्युझिक घ्यायचं की थेट कडव्यात शिरायचं, शब्दांच्या मागं काय वाजत राहणार आणि मुख्य म्हणजे कुठं काहीच वाजणार नाही. याला मराठीत संगीत संयोजन म्हणतात, आमच्यात सगळे नुसतं अरेंजिंग म्हणतात. मला हे काम करून अकरा वर्षं झाली, त्याआधी सहा वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला, गणपती, कोजागिरी, हळदी, सगळं केलं.

मी मूळची मिरजेची. मिरज म्हणलं की लोकांना जंक्शन आणि दवाखाने आठवतात, पण आमच्यासाठी मिरज म्हणजे सतारमेकर गल्ली. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला घरातल्या माणसाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं. शाळेतनं येताना मी एका दुकानाच्या उंबऱ्यावर बसून राहायचे आणि आतले चाचा तंबोऱ्याची जवारी लावताना बघायचे. जवारी म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज खुलवायचा, आणि त्यातलं शेवटचं काम काय तर घोडीवर तार टेकते तिथं तारेच्या खाली एक साधा सुताचा दोरा सरकवायचा. दोरा जरा पुढं गेला की आवाज बसका, जरा मागं आला की नुसताच कर्कश, आणि मधे कुठंतरी केसाएवढी एक जागा असते तिथं तो दोरा आला की अख्खा तंबोरा एकदम उघडतो, तारेतनं दुसरे सूर ऐकू यायला लागतात. चाचा त्या जागेसाठी अर्धा अर्धा तास घालवायचे. तारेला हात लावायचे नाहीत, तार तीच, नुसता दोरा सरकवायचे. मी आज जे करते त्याचं पहिलं शिक्षण मला तिथंच मिळालं असं मी मानते.

आता काम कसं चालतं ते सांगते. व्हॉइस नोट आली की मी पहिल्या दिवशी वाद्याला हात लावत नाही. तीन-चार वेळा नुसती ऐकते, मग वही घेऊन शब्द हातानं लिहून काढते, टाइप नाही करत, आणि माणूस जिथं जिथं श्वास घेतो तिथं पेन्सिलीनं खूण करते. मग पट्टी शोधायची. यात गंमत अशी की घरी बसून एकट्यानं गाणारा माणूस सुरू करतो काळी एकमध्ये आणि दुसऱ्या कडव्याला पोचेपर्यंत पांढरी दोनच्या, म्हणजे पेटीवरच्या लगेच वरच्या पट्टीच्या जवळ गेलेला असतो, कारण शब्द चढत जातात तसा त्याचा जीव चढत जातो. सॉफ्टवेअर सरळ दाखवतं की सूर सुटला. बरोबर आहे, सुटला. पण मी ते पण वहीत लिहून ठेवते, कारण दुसरं कडवं त्याला वर न्यायचंय हे त्यानं न सांगता सांगितलंय. मग मी पट्टी बदलत नाही पण त्या कडव्यात व्हायोलिन एक सप्तक वर नेते, किंवा बेस काढून घेते म्हणजे गाणं आपोआप हलकं होऊन वर आल्यासारखं वाटतं.

हे सगळं शहाणपण आधीपासून नव्हतं. सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट सांगते, मला अजून लागते ती. एक रिटायर्ड गुरुजी होते, सातारा जिल्ह्यातले, त्यांनी बायको गेल्यानंतर एक गाणं लिहिलं होतं, चाल पण त्यांचीच, साधी, पेटीवर बसवलेली. मी तेव्हा नवीन होते आणि नवीन सॅम्पल लायब्ररी, म्हणजे कॉम्प्युटरवर वाजवायचे वाद्यांचे तयार आवाज, घेतली होती, त्यामुळं मी त्या गाण्यात तीस व्हायोलिनं लावली, बासरी लावली, संतूर लावलं, जिथं जिथं ओळ संपते तिथं काही ना काही भरलं. आमच्यात त्याला फिलर म्हणतात. ऐकायला खूप भारी वाटत होतं, मला तरी. गुरुजी माझ्याकडं पुण्याला आले, हेडफोन लावून शांतपणे सगळं ऐकलं, आणि म्हणाले, "बाळ, मेहनत खूप घेतलीस. एक विचारू का? दुसऱ्या कडव्यात 'आणि' म्हणल्यावर मी थांबलोय, तिथं तू बासरी वाजवलीस. मी तिथं थांबलोय कारण पुढचा शब्द माझ्याच्यानं बोलवत नव्हता. बासरी वाजली की असं वाटतं की मी बासरीसाठी थांबलोय."

मला काय बोलावं कळेना. पुढचा शब्द बायकोचं नाव होता. मी ते शब्द टाइप केले होते, दहा वेळा वाचले होते, त्या थांब्याला चार मात्रांची रिकामी जागा समजून भरून टाकलं होतं. त्या रात्री मी सगळे ट्रॅक म्यूट करून नुसता त्यांचा आवाज ऐकला तेव्हा तिथं एक छोटा आवंढा गिळल्याचा आवाज होता, व्हॉइस नोटमध्ये पहिल्यापासून होता. शेवटी त्या गाण्यात पेटी, तंबोरा आणि मुखड्याच्या मागं एक व्हायोलिन एवढंच ठेवलं, आणि त्या 'आणि'नंतर काही नाही. त्या दिवसापासनं हातानं शब्द लिहायची सवय लागली.

लोकांना वाटतं अरेंजर चाल बदलतो, निदान दुरुस्त करतो. मी नाही करत, विचारल्याशिवाय तर अजिबात नाही. पण चालीला हात न लावता खूप काही करता येतं आणि तिथंच खरी मजा आहे. एक नेहमी येणारा प्रश्न सांगते. आपल्याकडं कवी जेव्हा स्वतःच चाल लावतो तेव्हा बऱ्याचदा सम, म्हणजे ठेक्याची पहिली वजनदार मात्रा, भलत्याच अक्षरावर पडते. समजा ओळ आहे 'पावसाच्या सरीसंगं', आणि चाल अशी बसलीय की केरव्याची सम 'च्या'वर येते. आता 'च्या'ला काय वजन असतं, काहीच नाही, तो नुसता प्रत्यय. तबलजीनं तिथं दणकून धा वाजवला की ऐकणाऱ्याच्या कानात 'पावसा' निघून जातो आणि 'च्या' राहतो. कवीला सांगितलं की तुमची सम चुकलीय तर तो हिरमुसतो, आणि चूक असतेच असं नाही, त्याला ती ओळ तशीच सुचलीय. मग मी तबलजीला सांगते की दादा या ओळीत पहिल्या मात्रेवर डग्गा नको, नुसती चाट हलकी, म्हणजे तबल्याच्या कडेवर, आणि डग्ग्याचं वजन तिसऱ्या मात्रेवर 'सरी'ला द्या. गिटारचा स्ट्रोक पण तिथंच. चाल तीच, शब्द तेच, कवीला कळतसुद्धा नाही काय केलं, त्याला फक्त वाटतं की आता शब्द नीट ऐकू येतोय. हे असलं जमलं की मला दिवसभर छान वाटतं.

कॉर्डचं पण तसंच. आपली चाल ही एका सुरानंतर दुसरा सूर अशी आडवी चालणारी, आणि कॉर्ड म्हणजे तीन सूर एकावर एक उभे. आडव्याखाली उभं लावताना काहीतरी चिरडतंच, प्रश्न एवढाच की काय चिरडलेलं चालेल. एका काकूंनी भैरवीतलं गाणं दिलं होतं, देवीचं. त्या कुठं शिकलेल्या वगैरे नाहीत, पण चाळीस वर्षं भजनी मंडळात पुढं बसून गातात. मी म्युझिक संपून मुखड्यावर परत येताना पंचमावर मेजर कॉर्ड दिली, कारण तिथनं षड्जावर यायचा तो सगळ्यात सोपा आणि सगळ्यांच्या कानाला सवयीचा रस्ता आहे. काकूंनी एकदाच ऐकलं आणि म्हणाल्या, "हा नि कुणाचा गं? मी तर नाही म्हणला." एका झटक्यात पकडलं. पंचमावरच्या मेजर कॉर्डमध्ये शुद्ध निषाद येतो, आणि त्यांच्या भैरवीत नि कोमल. आता हल्ली सुगम संगीतातल्या भैरवीत बाराच्या बारा सूर घेतात, मी तसं म्हणून वाद घालू शकले असते, पण त्यांच्या चालीत तो सूर नव्हता ही गोष्ट खरीच होती.

मग मी दोन दिवस त्या चार मात्रांवर बसले. शेवटी पंचमावर कॉर्ड दिलीच नाही, नुसता सा आणि प, उघडा. आणि त्याच्या पुढं षड्जावर उतरायच्या आधी कोमल रे, मध्यम आणि कोमल धैवत अशी कॉर्ड दिली, तिन्ही सूर त्यांच्याच भैरवीतले. ती कोमल रे वरनं षड्जावर अशी काही सरकते की अंगावर काटा येतो, पंचमावरच्या कॉर्डपेक्षा कितीतरी जास्त भैरवी वाटते. काकूंना कॉर्ड वगैरे काही सांगितलं नाही, त्यांनी ऐकलं आणि "हां, आता घरी आलं" एवढंच म्हणाल्या. मला हे कुठल्या पुस्तकातनं सुचलं नसतं, त्यांनी तो नि पकडला म्हणून सुचलं.

या कामाला आपल्याकडं मोठी परंपरा आहे आणि ती बरीचशी पडद्यामागं राहिलीय याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुंबईतल्या हिंदी सिनेमाच्या संगीतात ज्यांनी हे काम उभं केलं त्यातले कितीतरी जण गोव्याचे. गोव्यात चर्चच्या शाळांमधनं पोरांना लहानपणीच नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवायचे, ती पोरं मोठी होऊन बँडमध्ये वाजवायला मुंबईला आली आणि स्टुडिओत शिरली. सेबॅस्टियन डिसोझा फाळणीआधी लाहोरला बँड चालवायचे, नंतर मुंबईत आले आणि वर्षानुवर्षं शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं अरेंजिंग केलं. गायकाची ओळ चालू असताना तिच्या मागं व्हायोलिनांची दुसरीच एक ओळ वाहत राहते आणि तरी शब्दांना धक्का लागत नाही, ते ऐकायचं असेल तर त्यांचं काम ऐकावं. मी अजूनही महिन्यातनं एखादी रात्र त्यांचं एखादं गाणं घेऊन नुसती मागची ओळ वहीत उतरवते. उतरवताना लक्षात येतं की गायक लांब सूर धरतो तेव्हा व्हायोलिन चालतात, आणि गायक चालायला लागला की व्हायोलिन एका सुरावर उभी राहतात. ऐकताना साधी वाटणारी गोष्ट, पण पाळायला महाकठीण.

आणि अँथनी गोन्साल्विस, मडगावजवळच्या माजोर्ड्याचे. पुष्कळ लोकांना ते नाव फक्त १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यामुळं माहितीय आणि असा खरा माणूस होता हेच माहीत नसतं. ते लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत आपले राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणायचा मोठा प्रयत्न केला होता, मोठा ऑर्केस्ट्रा जमवून. आपल्या रागाखाली कॉर्ड कशी द्यायची हा जो माझा भैरवीच्या वेळचा प्रश्न, तो त्या माणसाला किती आधी पडला होता बघा. या लोकांची नावं सिनेमाच्या टायटल्समध्ये यायची ती 'सहायक' म्हणून, आली तर.

मराठीत बघायचं तर प्रभाकर जोग. गीतरामायण १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं आणि आठवड्याला एक अशी वर्षाहून थोड्या जास्त काळात ५६ गाणी झाली. गदिमांचे शब्द, बाबूजींची म्हणजे सुधीर फडक्यांची चाल, आणि जोग व्हायोलिन घेऊन बाबूजींच्या सोबत. आठवड्याला एक नवीन गाणं बसवायचं म्हणजे काय असतं हे हे काम करणाऱ्यालाच कळेल, मला आठवड्याला एक जमत नाही आणि माझ्याकडं तर हवं तितक्या वेळा पुसून परत करता येतं. त्यांच्या व्हायोलिनला लोक गाणारं व्हायोलिन म्हणायचे कारण त्यात शब्द ऐकू यायचे, नुसते सूर नाही. ते २०२१ ला गेले. त्यांच्यानंतरच्या पिढीत अनिल मोहिले, ते पण मुळात व्हायोलिनवालेच. मला वाटतं व्हायोलिन वाजवणारी माणसं या कामात इतकी पुढं गेली त्याला एक कारण हे असावं की ते वाद्य गळ्याच्या इतकं जवळ आहे की गाणारा कुठं श्वास घेईल ते हाताला आधीच कळतं.

पैशाचं आणि नावाचं पण थोडं लिहिते कारण नवीन पोरं पोरी विचारतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अरेंजमेंटला मूळ संगीताचं रूपांतर धरलंय, म्हणजे ते करायचा हक्क चालीच्या मालकाचा. २०१२ ला कायद्यात बदल झाला आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का झाला, फार चांगलं झालं, पण अरेंजरला त्यात आपोआप काही मिळत नाही. आपण काम करायचं, ठरलेले पैसे घ्यायचे, विषय संपला. वेगळं काही हवं असेल तर आधी कागदावर लिहून घ्यायचं. माझं एका कंपनीबरोबर असं झालं की गाणं बाहेर आलं आणि माझं नाव कुठंच नाही, विचारलं तर म्हणे जागा नव्हती. चार दिवस मी धड जेवले नाही. त्यानंतर मी पैशात कमी-जास्त करते पण 'संगीत संयोजन' ही ओळ आणि तिच्यापुढं माझं नाव हे आधी लिहून घेते आणि वादकांची नावं पण. तबलजीचं नाव, बासरीवाल्याचं नाव. चाल माझी नाही, शब्द माझे नाहीत, त्यावर हक्क मला नकोच आहे. पण जे केलं ते केलं म्हणावं की.

आता ज्या कामामुळं हे सगळं लिहायला घेतलं त्याबद्दल. गेल्या पावसाळ्यात एका ताईंचा फोन आला. भोरच्या बाजूच्या, इथं पुण्यात नोकरी करतात. त्यांनी पाच ओव्या लिहिल्या होत्या, स्वतःच्या, ऑफिस, पीएमपीची बस, भाड्याचं घर, लांब राहिलेली आई असं सगळं त्यात. पण चाल त्यांची नाही, चाल त्यांच्या आज्जीची, जात्यावरची. आज्जी गेल्या, आईकडनं यांच्याकडं आली. म्हणाल्या याचं गाणं करायचंय पण आज्जीची चाल तशीच राहिली पाहिजे.

मी आधी तयारी म्हणून जात्यावरच्या ओव्या भरपूर ऐकल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात, त्यातल्या खूपशा आता पारीच्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या साइटवर ऐकायला मिळतात. ज्यांनी ऐकल्या नसतील त्यांनी ऐकाच, रात्री दिवा बंद करून. चार-पाच सुरांत सगळी चाल, त्याच्या बाहेर जात नाही, आणि तेवढ्यात बाई अख्खा जन्म सांगते. माझ्या लक्षात आलं की इथं कॉर्ड बदलत राहिले तर ती चाल बारकी वाटायला लागेल. चार सुरांच्या चालीखाली आठ कॉर्ड म्हणजे लहान पोराला मोठ्या माणसाचा कोट. म्हणून ठरवलं की मिरजेचा तंबोरा, खराखुरा, ॲपवरचा नाही, आणि एक चेलो, व्हायोलिनचा मोठा, खर्जातला भाऊ. बस.

चेलोवाला पोरगा हुशार आहे. त्याला मी जातं कसं फिरतं ते दाखवलं, म्हणलं खुंटा अंगाजवळ येतो तेव्हा ओढ असते आणि लांब जातो तेव्हा ढकल असते, तसा बो म्हणजे गज फिरव, सूर एकच. त्यानं दहा-बारा वेळा केलं आणि मग ते त्याच्या हातात आलं, एकाच सुरावर ते गोल गोल फिरणं ऐकू यायला लागलं. मी जात्याचा खरा आवाज पण रेकॉर्ड करून बघितला होता, पण त्या घरघरीत शब्दांची टोकं बुडत होती, म्हणून काढला.

इथवर सगळं मस्त. अडलं ते लयीत. ताईंनी गाणं क्लिकवर गायलं, म्हणजे कानात टिक टिक ऐकत, आणि ते मेलं. सूर बरोबर, शब्द बरोबर, पण नुसतं वाचून दाखवल्यासारखं. मग म्हणलं क्लिक काढा, तंबोऱ्यावर गा. तेव्हा ते जिवंत झालं. पण लय बघितली तर मिनिटाला कुठं ६२ ठोके, कुठं ७१, आणि दर ओवीच्या दुसऱ्या ओळीनंतर एक थांबा, कधी दीड सेकंद, कधी अडीच. मी वहीत सगळीकडं श्वासाची खूण केली. आणि मग, गुरुजींचा अनुभव असूनसुद्धा, मी ते थांबे थोडे थोडे कापले. पूर्ण नाही कापले, पण सगळे सारखे केले, सव्वा सेकंदाचे, म्हणजे चेलोला पुढची ओळ पकडायला सोपं जाईल. मला वाटलं श्वासच आहे, सव्वा सेकंदात मावतो.

ताईंना आवडलं. त्या म्हणाल्या आईला ऐकवते. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, म्हणाल्या तुम्ही आईशीच बोला. आई फोनवर आल्या, आधी माझं जेवण झालं का विचारलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं, आणि मग म्हणाल्या, "ग्वाड झालंय बाय. पर दाणं कवा टाकायचं?"

मला कळलंच नाही. म्हणलं काय म्हणालात. तर त्या म्हणाल्या अगं जात्याच्या तोंडात मूठ टाकायची असती का नाय, एका हातानं खुंटा आणि दुसऱ्या हातानं दाणं, तवा ववी थांबती. सुपातनं मूठ भरायची, टाकायची, मग फुडं. घाईनं टाकलं तर दाणं बाहेर सांडत्यात आणि एकदम जास्ती टाकलं तर पीठ भरड येतं. तुझ्या गाण्यात हात पोचतच नाय सुपापर्यंत.

मी फोन ठेवून तशीच बसले. तो श्वास नव्हताच. ताईंना पण माहीत नव्हतं, त्यांनी आयुष्यात दळलं नाही, त्यांनी आईकडनं चाल उचलली तेव्हा तो थांबा चालीबरोबर आला, आईला तिच्या आईकडनं आला. सूप जवळ असेल तर दीड सेकंद, लांब सरकलं असेल तर अडीच. जातं गेलं, सूप गेलं, पण हात पोचायला लागतो तेवढा वेळ त्या चालीत तसाच राहिला होता आणि मी तो कात्रीनं सारखा केला होता.

मग मी सगळं परत उघडलं. ताईंचा मूळ टेक घेतला, न कापलेला, आणि उलटं काम केलं, म्हणजे गाणं क्लिकवर बसवायच्या ऐवजी क्लिक गाण्यावर बसवला. सॉफ्टवेअरमध्ये त्याला टेम्पो मॅप म्हणतात, प्रत्येक ओळीचं पहिलं वजन जिथं पडतं तिथं आपण हातानं खूण करायची, एक एक करत, मग मशीन आपल्या मागं चालतं. तीन रात्री लागल्या. चेलोवाल्याला परत बोलावलं, त्याला सगळी गोष्ट सांगितली, आणि ठरवलं की थांब्यात चेलो बंद करायचा नाही, बो मंद करत आणायचा पण उचलायचा नाही, कारण दाणे टाकताना जातं थांबत नाही, फिरतच असतं, फक्त सावकाश. तो म्हणाला थांबा संपला हे मला कसं कळणार, तर म्हणलं डोळे मिटून हाताची मूठ सोड आणि मग बो ओढ. आधी हसला, मग केलं, आणि जुळलं. पाचही ओव्या एका बैठकीत झाल्या.

नवीन फाइल पाठवली. या वेळी आईंनी ताईंच्या फोनवरनं स्वतःच व्हॉइस नोट पाठवली, मागं कोंबड्या ओरडत होत्या. म्हणाल्या, आता बराबर. फक्त चौथ्या ववीत जरा लवकर झालं, तितं आमची आय जरा जास्ती थांबायची, त्या ववीत भावाचं नाव येतं.

चौथ्या ओवीत ताईंच्या शब्दांत भावाचं नाव नाहीये, तिथं बसचा पास आहे. मी ताईंना विचारलं काय करायचं, त्या म्हणाल्या वाढवा. वाढवलं, पाऊण सेकंद. शनिवारी मिक्सिंग आहे.